मँचेस्टर बाय द सी: लीनं पुतण्याची जबाबदारी नाकारली, त्याची पूर्ण केस

केस अशी आहे. जो चँडलर, अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बोटीवर पोट भरणारा माणूस, हृदयाच्या जुन्या दुखण्यानं एके दिवशी जातो. मागे सोळा वर्षांचा मुलगा पॅट्रिक. आई दारूपायी केव्हाच संसारातून बाहेर पडलेली. मृत्युपत्र उघडतात तर पॅट्रिकचा पालक म्हणून जोनं धाकट्या भावाचं, लीचं नाव घातलेलं, आणि हे लीला कधी सांगितलेलंच नाही. ली तिकडे क्विन्सी गावात चार बिल्डिंगींची देखभाल करतो, तुंबलेले संडास मोकळे करतो, दारातला बर्फ उपसतो आणि तळघरातल्या एका खोलीत एकटा राहतो. त्यानं आता गावी परत यावं, मुलगा मोठा होईपर्यंत त्याला सांभाळावं, ही मेलेल्या भावाची इच्छा. आणि ली शेवटी नाही म्हणतो.

केनेथ लोनर्गनच्या 'मँचेस्टर बाय द सी' या २०१६ च्या पिक्चरमध्ये घडतं ते एवढंच. पुढे मी सगळं सांगणार आहे, शेवटासकट, तेव्हा बघायचा राहिला असेल तर आधी बघून या, दोन तास सतरा मिनिटं लागतील. आणि रडायला येतं का असं विचाराल तर येतं, पण भलत्याच ठिकाणी येतं, जिथे कुणी रडत नाहीये अशा ठिकाणी.

मला यात धरून ठेवतो तो जोनं मरता मरता खेळलेला डाव. आपल्याकडे हा डाव घरोघरी माहीत आहे. पोरगा वाया गेलाय, लग्न लावून द्या, सुधारेल. भाऊ खचलाय, दुकान त्याच्या नावावर करा, सावरेल. जबाबदारी अंगावर पडली की माणूस आपोआप उभा राहतो हा आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा पक्का विश्वास, आणि निम्मे मराठी पिक्चर आणि सगळ्या सिरियली त्याच्यावरच चालतात. जोचा हिशोब तोच आहे, ली मेल्यासारखा जगतोय, मी तर जाणार, पोरगा त्याच्या पदरात टाकतो म्हणजे पोराला बाप मिळेल आणि भावाला जगायला कारण मिळेल. वाईट काय आहे यात? काहीच नाही. दुसरा कुठलाही पिक्चर असता तर शेवटी काका-पुतण्या गळ्यात गळा घालून उभे असते आणि आपण खूश होऊन घरी गेलो असतो. लोनर्गन हा डाव शेवटपर्यंत खेळवतो आणि तो फसतो, आणि फसला म्हणून कुणी नालायक ठरत नाही. माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे, लीनं नाही म्हटलं हे त्या अख्ख्या गोष्टीत त्याच्या हातून झालेलं सगळ्यात जबाबदार काम आहे. कसं ते सांगतो, पण त्यासाठी आधी ली असा का झाला ते बघावं लागेल.

ते आपल्याला कळतं वकिलाच्या ऑफिसात, पिक्चर चांगला तासाभर पुढे सरकल्यावर. तोवर एवढंच दिसलेलं असतं की हा माणूस भाडेकरूंशी नीट बोलत नाही, बारमध्ये कुणी नुसतं बघितलं तरी मारामारी काढतो, आणि त्याच्या जुन्या गावात लोक त्याच्याकडे वळून वळून बघतात, अच्छा हाच का तो ली चँडलर असं आपापसात बोलतात. वकील मृत्युपत्रातलं वाक्य वाचतो, ली म्हणतो काहीतरी चुकतंय, आणि तिथून सीन फुटतो, ऑफिस, जुनी रात्र, परत ऑफिस, परत ती रात्र. एकेकाळी याला बायको होती, रँडी. तीन पोरं होती, दोन मुली आणि एक तान्हा मुलगा. त्या रात्री घरात मित्र जमलेले, बिअर, धिंगाणा, मध्यरात्र उलटल्यावर रँडी वरून खाली येते, सगळ्यांना शिव्या घालून हाकलते. घर गार पडलेलं. हीटिंग लावलं की तिचं सायनस दुखतं म्हणून ली फायरप्लेसमध्ये लाकडं पेटवतो आणि आणखी बिअर आणायला चालत दुकानाकडे निघतो. वाटेत मनात येतं की फायरप्लेससमोरची जाळी लावली होती का नव्हती, आठवत नाही, मग लावली असेल म्हणून पुढे जातो. परत येतो तर घर पेटलेलं. रँडीला बाहेर काढतात. पोरं आतच.

मग पोलीस स्टेशन. माझ्या मते अख्खी केस इथे ठरते. ली टेबलापाशी बसून जे झालं ते सरळ सांगतो, काय प्यायलो, काय ओढलं, लाकूड कसं ठेवलं, जाळीचं कसं मनात येऊन गेलं. काही लपवत नाही. ऐकून पोलीस म्हणतात, भयानक चूक झाली तुझ्या हातून, पण जाळी लावायला विसरणं हा गुन्हा नाही, तू जाऊ शकतोस. तेव्हा लीचं काम करणाऱ्या केसी अफ्लेकचा चेहरा बघा. सुटलो असं काही नाही तिथे. कुणीतरी पैसे परत द्यायला आलंय आणि दुकानदार म्हणतोय राहू दे हो, असा गोंधळलेला, जवळजवळ दुखावलेला चेहरा. म्हणजे जाऊ मी? एवढंच विचारतो. बाहेर पडता पडता एका पोलिसाच्या कमरेची बंदूक ओढून डोक्याला लावतो, त्यांनी झडप घालून पाडलं नसतं तर केस तिथेच संपली असती.

ती संपली नाही. याला शिक्षा पाहिजे होती आणि ती कायद्यानं दिली नाही, तेव्हा हा स्वतःच स्वतःला देत बसलाय, तळघरातली खोली, लोकांचे संडास, बारमधले ठोसे, सगळी त्याच शिक्षेची कलमं. आता अशा माणसाच्या हातात जर भावानं मुलगा आणि घर दिलं, तेही त्याच गावात जिथे हे सगळं झालं, तर त्याला ते बक्षीस वाटेल का शिक्षा वाटेल? दोन्ही नाही. त्याला ती सुटका वाटते, आणि सुटका नको म्हणून तर तो तिथून निघून गेला होता.

आता ॲक्टिंगबद्दल, कारण या पिक्चरचं नाव निघालं की लोक म्हणतात काय ॲक्टिंग आहे, आणि पुढे कोणी सांगत नाही की म्हणजे नक्की काय केलंय. मला दिसतं ते असं की इथे कुठलाही नट दुःखाची ॲक्टिंग करत नाही, सगळे कामं करतात. हॉस्पिटलमधला पहिला मोठा सीन घ्या. ली गाडी मारत पोचतो तर जो आधीच गेलेला. नर्स, डॉक्टर आणि जोचा मित्र जॉर्ज समोर उभे, आणि मग सगळं चालू होतं ते व्यवहाराचं, कोणी कुणाला फोन करायचा, सह्या कुठे, वस्तूंची पिशवी, पोराला कोण सांगणार. ली खाली शवागारात जाऊन भावाला एकदा मिठी मारतो, ओठ टेकवतो, आणि परत सह्यांना. ज्यानं कुणी सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात मयताचे कागद केलेत त्याला हे लगेच ओळखू येईल, त्या वेळी डोकं भलतंच साफ चालतं, बिल किती, ॲम्ब्युलन्स कुणाची, आधार कार्डाची झेरॉक्स, रडायचं राहूनच जातं.

पॅट्रिकला सांगायला ली हॉकीच्या मैदानावर जातो. पोरगा बर्फावर भांडणात अडकलेला असतो, काकाला लांबून बघतो आणि समजतो. पुढे त्याला वडिलांचं प्रेत बघायचंय की नाही हे ठरवताना तो विचारतो की दिसतात कसे, आणि ली सांगतो की मेल्यासारखे दिसतात, झोपल्यासारखे वगैरे नाही, पण बघवणार नाही असंही नाही. इतकं खरं उत्तर त्या वयाच्या पोराला सहसा कोणी देत नाही. पॅट्रिक दारापर्यंत जातो, आत एक नजर टाकतो, बास, झालं म्हणतो आणि बाहेर. दहा सेकंद असतील नसतील. रात्री घरी मित्र गोळा होतात, पिझ्झा येतो, स्टार ट्रेकवरून वाद होतो, पॅट्रिक विचारतो गर्लफ्रेंड राहिली तर चालेल ना, आणि ली म्हणतो मला कशाला विचारतोस.

इथे आपल्यासारख्यांना थोडं विचित्र वाटतं. आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस घराला काम मिळतं. सुतक, अस्थी, दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट बघत उन्हात उभं राहणं, तेराव्याचं जेवण, शेजाऱ्यांकडून येणारं पिठलं-भात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत पहिल्यापासून सांगणं. वैताग येतो खरा, पण दुःखाला तारीख-वार मिळतात आणि पाहुण्यांच्या गराड्यात माणूस एकटा पडत नाही. रोहन परशुराम कानवडेंच्या 'साबर बोंडं'मध्ये हीच चौकट आहे, वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी दहा दिवसांच्या सुतकाला जातो, नातेवाईकांचे नियम आणि लग्नाचे टोमणे सोसतो, आणि त्या सक्तीच्या थांबण्यातच त्याला जुन्या मित्राजवळ जागा सापडते. त्या पिक्चरला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमाचं मोठं ज्युरी बक्षीस मिळालं, आणि 'मँचेस्टर' पहिल्यांदा दाखवला गेला तोही सनडान्सलाच, २०१६ च्या जानेवारीत. दोन्ही मी मनात शेजारी ठेवतो, कारण एकात रीतिरिवाज माणसाला धरून बसवतात आणि दुसऱ्यात धरून बसवायला काहीच नाही.

उलट चँडलरांच्या वाट्याला जे येतं ते फारच वाईट. हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी गोठलेली, ज्या दफनभूमीत जोला पुरायचंय तिथे मोठं मशीन नेता येत नाही, त्यामुळे वसंत ऋतू येईपर्यंत प्रेत फ्रीझरमध्ये. म्हणजे माणूस गेला पण त्याचं काम उरकता येत नाही, महिनोन्‌महिने. पॅट्रिक याच्यावर चिडतो, मला नाही आवडत त्यांना फ्रीझरमध्ये ठेवलेलं, पण चिडून उपयोग काय, दोघं गाडी कुठे लावली तेच विसरतात आणि थंडीत कुडकुडत रस्त्यावर भांडत फिरतात. एक जाणारा माणूस टोमणा मारतो, वा, काय पालक आहेस, आणि ली त्याच्या अंगावर धावून जातो. तो जाणारा माणूस म्हणजे स्वतः लोनर्गन आहे.

मग एका रात्री पॅट्रिक खायला काहीतरी काढायला घरचा फ्रीझर उघडतो, गोठलेलं चिकन खाली पडतं, तो उचलून परत कोंबतो, परत पडतं, आणि पोरगा कोसळतो. श्वास घेता येत नाही. इतके दिवस दोन गर्लफ्रेंड, बँडची प्रॅक्टिस, हॉकी असं सगळं मस्त सांभाळणारा पोरगा चिकनच्या पाकिटापुढे हरतो. पॅट्रिकचं काम करणाऱ्या लुकस हेजेसनं हा सीन असा केलाय की तुम्हाला आधी थोडं हसू येतं, आणि मग लक्षात येतं की हसण्यासारखं नाहीये. लीला काय करायचं कळत नाही, हॉस्पिटलला नेऊ का, मित्रांना बोलवू का विचारतो, पोरगा खोलीचं दार लावून घेतो तर लाथ मारून उघडतो आणि मग नुसता बसून राहतो. तू शांत होईपर्यंत इथेच बसतो म्हणतो. बस. जवळ घेणं, केसांतून हात फिरवणं, काही नाही. पण बसतो. म्हणजे हा माणूस दगड नाही, त्याला माया आहे, ती वापरायची कशी तेच विसरलाय. नंतर जेव्हा तो नाही म्हणतो तेव्हा आपल्याला त्याचा राग येत नाही त्याचं एक कारण ही रात्र आहे.

जोचा डाव मधेमधे लागू पडतोय असंही वाटतं, आणि ते लोनर्गननं मुद्दाम दाखवलंय. बोटीचं इंजिन खराब, नवीन घ्यायला पैसे नाहीत, ली म्हणतो विकून टाकू, पॅट्रिक म्हणतो मेलो तरी विकणार नाही. शेवटी जोच्या जुन्या बंदुका विकून इंजिन बसवतात. पॅट्रिक मैत्रिणीला बोटीवर बसवून सुकाणू तिच्या हातात देतो आणि ली बघत असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. बघणाऱ्याला वाटतं, बघा, येतोय रुळावर. मला तरी पहिल्यांदा असंच वाटलं होतं.

पुढे रस्त्यावर रँडी भेटते. तिचं काम करणाऱ्या मिशेल विल्यम्सला या पिक्चरमध्ये मोजकेच सीन आहेत आणि लोकांना आठवतो तो हाच. तिनं दुसरं लग्न केलंय, बाबागाडीत नवं बाळ आहे. ती बोलायला लागते, मी तुला जे जे बोलले त्यासाठी मी नरकात जायला पाहिजे, माझं काळीज मोडलं होतं, तुझंही मोडलंय मला माहितेय, आपण कधी जेवायला भेटू का, तू असा मरू नकोस. आणि ली नाही नाही, ठीक आहे, तसं नाही, मला जायचंय, असं काहीतरी पुटपुटत मागे सरकत राहतो. दोघांपैकी कुणाचंच वाक्य पुरं होत नाही. एकमेकांवर चढतात, अर्ध्यात सुटतात, परत उचलले जातात. लोनर्गन मुळात नाटककार, त्याच्या संवादात हे अडखळणं सहसा लिहिलेलं असतं, नटांनी तिथल्या तिथे सुचून केलंय असं वाटतं ही लिहिण्याची कमाल. आपल्या रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे असा प्रसंग आला की एकाचं मोठं स्वगत, मग पॉज, मग दुसऱ्याचं मोठं स्वगत, मग टाळी. इथे टाळी घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

आता केसच्या दृष्टीनं बघा, रँडी त्याला माफी देतेय. जगात जिनं माफ केल्यावर खरोखर काही फरक पडू शकतो अशी एकच बाई आहे आणि ती रस्त्यात रडत रडत ती देतेय. आणि त्याला ती घेताच येत नाही. तिथून तो सरळ बारमध्ये जातो, मुद्दाम मार खातो, जॉर्ज त्याला घरी घेऊन येतो आणि तिथे कोचावर तो पहिल्यांदा नीट रडतो. माफीनं जे झालं नाही ते जबाबदारीनं कसं होणार? जोला हे माहीत असायला पाहिजे होतं का? मला वाटतं त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं आशा ठेवली, मोठा भाऊ होता तो. लीच्या त्या ओक्याबोक्या खोलीत येऊन फर्निचर घ्यायला लावणारा हाच जो, असं राहतात का, चल, म्हणून. त्याच्या डोक्यात मृत्युपत्र म्हणजे तेच, भावासाठी घेतलेलं शेवटचं फर्निचर.

मग शेवटचा धक्का, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याबद्दल लोक कमी बोलतात. ली गॅसवर सॉस ठेवून कोचावर झोपतो. स्वप्नात मुली येऊन विचारतात, बाबा, आम्ही जळतोय, तुम्हाला दिसत नाही का? दचकून उठतो तर घरात धूर, सॉस करपलेला. हे स्वप्न लोनर्गननं मनोविश्लेषक फ्रॉइडच्या पुस्तकातल्या एका प्रसिद्ध स्वप्नावरून उचललंय, तिथेही मेलेलं मूल बापाला हेच विचारतं. पण फ्रॉइड सोडा, साधा विचार करा. ज्या माणसाच्या हातून एकदा विस्तवाकडे दुर्लक्ष झालं आणि तीन पोरं गेली, तो परत एका पोराच्या घरात गॅस चालू ठेवून झोपलाय. यावेळी काही झालं नाही. पण त्याचं त्याला कळलं. आणि यानंतरच तो जॉर्जशी बोलून व्यवस्था लावतो.

पॅट्रिकला तो ती सांगतो तेव्हा पोरगा विचारतो, तू इथे का राहू शकत नाहीस? आणि ली म्हणतो, मला नाही जमत यातून बाहेर यायला. नाही जमत. सॉरी. अफ्लेक हे बोलताना बेशरम वाटत नाही आणि बिचाराही वाटत नाही, हिशोब करून झालेल्या माणसासारखा वाटतो. पॅट्रिक रडतो, ली जवळ घ्यायचा प्रयत्न करतो, ते मिठी मारणंही अर्धवट. आधी हाच पोरगा कसा फटकन बोलला होता, माझ्या इथे दोन गर्लफ्रेंड आहेत, बँड आहे, तू तर संडास साफ करतोस, तुला कुठेही राहून काय फरक पडतो. तेव्हा तो बरोबरच होता, पण काकाचा प्रॉब्लेम कामाचा नव्हताच हे त्याला इथे समजतं.

ज्यांना वाटतं की ली पळून गेला त्यांनी त्यानं नाही म्हणताना काय काय केलंय ते बघावं. जॉर्ज आणि त्याची बायको पॅट्रिकला दत्तक घेणार, त्यामुळे पोराची शाळा, मित्र, बोट, दोन्ही गर्लफ्रेंड, सगळं जागेवर राहतं. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. ली बॉस्टनला काम बघतो आणि एक जास्तीची खोली असलेली जागा शोधतोय, का? तर पॅट्रिक कधी आला तर झोपायला. ज्या माणसाच्या खोलीत भावानं बळजबरी कोच आणला होता तो आता स्वतःहून पाहुण्याची सोय बघतोय. बरा झाला का? नाही. पण तळघरातल्या एका खोलीपासून दोन खोल्यांपर्यंत आला, आणि माझ्या हिशोबानं जोच्या डावातून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळालं. आई एलिसचा पर्याय आधीच निकालात निघाला होता, दारू सोडून देवधर्माला लागलेली, होणाऱ्या नवऱ्याबरोबर नीट मांडलेल्या टेबलावर पोराला जेवायला बोलावते आणि पाच मिनिटांत सगळ्यांचा जीव गुदमरतो. नंतर त्या होणाऱ्या नवऱ्याची ईमेल येते. तो सीन छोटा आहे, मॅथ्यू ब्रॉडरिकनं त्याचं काम केलंय, आणि चांगलं वागणारी माणसंही किती परकी वाटू शकतात हे त्यात आहे.

तक्रारी माझ्याही आहेत. आगीच्या प्रसंगावर अल्बिनोनी या संगीतकाराच्या नावानं ओळखला जाणारा तो अडाजिओ, म्हणजे संथ सुरावट, एवढा मोठ्यानं आणि एवढा वेळ वाजतो की काही वेळा वाटतं, राहू दे की, स्ट्रेचरचे पाय दुमडत नाहीयेत आणि रँडीला गाडीत चढवता येत नाहीये हे नुसतं दाखवलं तरी पुरे होतं. बायकांच्या भूमिका कमी पडतात हा आक्षेपही खरा, एलिस आणि पॅट्रिकच्या मैत्रिणी जरा वरवरच्या राहतात, विल्यम्स आहे म्हणून रँडी मोठी वाटते. आणि अफ्लेकचं नाव घेताना हे सोडून देणं बरं नाही की २०१० मध्ये दुसऱ्या एका पिक्चरच्या कामावरून दोन स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक छळाचे दावे केले होते, त्यानं ते नाकारले, कोर्टाबाहेर मिटले, आणि ऑस्करच्या वर्षी ती चर्चा परत निघाली. त्यामुळे कुणाला हा पिक्चर बघवत नसेल तर मी वाद घालणार नाही.

पैशाचं बाजूला एक सांगतो, कारण अशा पिक्चरांना कोण विचारतं असं आपण फार म्हणतो. बजेट ९० लाख डॉलरच्या आसपास. आधी मॅट डेमन करणार होता, त्यानं प्रोड्यूसर म्हणून राहून काम अफ्लेकला दिलं. सनडान्सला ॲमेझॉननं १ कोटी डॉलरला घेतला, जगभर धंदा साडेसात कोटी डॉलरच्या वर गेला. ६ ऑस्कर नॉमिनेशन, त्यात बेस्ट पिक्चरही, स्ट्रीमिंगवाल्या कंपनीला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मिळाले दोन, अफ्लेकला ॲक्टिंगचा आणि लोनर्गनला पटकथेचा. याच लोनर्गनचा आधीचा पिक्चर 'मार्गारेट' २००५ मध्ये शूट होऊन एडिटिंगच्या भांडणात आणि कोर्टकचेरीत अडकला आणि २०११ ला कसाबसा बाहेर आला होता.

एक गोष्ट राहिली, जॉर्ज. सी. जे. विल्सन हे त्या नटाचं नाव. जो गेला तेव्हा हॉस्पिटलात हाच आधी पोचलेला, बोटीचं काय करायचं हे हाच बघतो, मार खाल्लेल्या लीला घरी हाच आणतो, आणि स्वतःच्या घरात पोरं असताना शेवटी पॅट्रिकलाही हाच घेतो. त्याला भाषण नाही, रडायचा सीन नाही. पण ती सगळी व्यवस्था उभी आहे ती याच्या हो म्हणण्यावर, आणि लीला नाही म्हणायची मुभा मिळते ती त्याच्यामुळे. जोनं मृत्युपत्रात रक्ताच्या नात्याचं नाव घातलं, पण अशा वेळी भावकीपेक्षा मित्रच उपयोगी पडतो हे आपल्याकडेही कितीतरी घरांत बघितलंय आपण. विल्सनला यासाठी ऑस्करचं साधं नॉमिनेशनही मिळालं नाही, ते माझ्या मते मिळायला पाहिजे होतं.